हात मागे ठेवण्याची विद्या

“तुम्ही तरुण आहात, सडेफटिंग आहात. स्काउट तुम्हीच घ्या!”

मुख्याध्यापकांनी चहाची बशी खाली ठेवता ठेवता हे वाक्य उच्चारले आणि मी स्काउटमास्तर झालो. साल होते 1986. वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावची शाळा. मी तिथे गणित शिकवायला लागून जेमतेम वर्ष झाले होते. शिपायाने कपाटातून एक खाकी गणवेश, दोराची तीन वेटोळी आणि एक गंजकी शिटी काढून दिली. प्रशिक्षणाचे काय, असे मी विचारले तेव्हा उत्तर मिळाले, “शिबिराचं पत्र आलं की जाऊन या. तोवर चालू द्या. मुलंच तर आहेत!”

‘मुलंच तर आहेत’ हे तीन शब्द पुढे मला फार महाग पडले.

नोव्हेंबरात मी चोवीस मुलांना घेऊन गावापासून कोसभर अंतरावरच्या टेकडीवर सहलीला गेलो. उत्साह उतू जात होता. दोर मीच बांधले, चूल मीच मांडली, पाण्याची जागा मीच शोधली. दर अर्ध्या तासाने शिटी फुंकून मुलांना गोळा करायचे आणि माणसे मोजायची, हा माझा बंदोबस्त. दुपारी चारला परत निघताना मोजली तर मुले तेवीस भरली. पुन्हा मोजली. तेवीसच.

सातवीतला एक अबोल मुलगा नव्हता. “शेवटचा त्याच्याबरोबर कोण होता?” मी ओरडून विचारले. मुले एकमेकांकडे पाहू लागली. कोणीच नव्हते. कोणी असण्याचे कारणही नव्हते. चोवीसच्या चोवीस मुले ‘सरांची’ होती, एकमेकांची कोणीच नव्हती. पुढचे दोन तास कसे गेले ते सांगणे कठीण आहे. दिवेलागणीच्या सुमारास एक गुराखी त्याला पाठुंगळी घेऊन आला. पाणी प्यायला नाल्यात उतरताना त्याचा पाय मुरगळला होता आणि हाक मारायची त्याला लाज वाटली होती.

मी त्याला घरी पोहोचवायला गेलो. वाटेत शंभर सबबी मनात जुळवल्या होत्या. त्याची आई मला एका शब्दाने बोलली नाही. मिठाच्या पाण्याने मुलाचा पाय शेकता शेकता तिने फक्त विचारले, “च्या मांडू का, सर?” त्या प्रश्नाने मी जितका खजील झालो, तितका कुठल्याही शिवीने झालो नसतो. तिने तिचा मुलगा माझ्या हवाली केला होता. तो मी कशाच्या बळावर घेतला होता? एका शिटीच्या?

फुकटचे काम, विकतची चूक

आपल्याकडे एक समजूत पक्की आहे. जो माणूस विनामोबदला काम करतो त्याला शिकवायचे काय आणि विचारायचे काय? तो येतो हेच उपकार. एस.टी.च्या चालकाला परवाना लागतो, सुई टोचणाऱ्याला शिक्षण लागते. पण तीस-चाळीस मुले डोंगरावर, नदीकाठी, रात्रीच्या मुक्कामाला नेणाऱ्या माणसाला एकच पात्रता पुरते, ती म्हणजे हौस. सोसायटीचे बालशिबिर असो, मंडळाचा लेझीमचा ताफा असो की उन्हाळी छंदवर्ग, ‘कोणीतरी उत्साही’ माणूस सापडला की आयोजकांचे काम संपले.

पण काम फुकट केले म्हणून चूक फुकट होत नाही. तिची किंमत कोणाला तरी मोजावी लागते, आणि बहुतेक वेळा ती मूलच मोजते.

मुलांच्या संघटनेतल्या मोठ्या माणसांना आधी शिकवले पाहिजे, हे ज्या चळवळीने फार लवकर ओळखले ती म्हणजे स्काउट चळवळ. अर्थात ‘लवकर’ म्हणताना एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. तिलाही ते आधी सुचले नव्हते. आधी मुले आली, मागून मोठ्यांची शाळा निघाली.

आधी मुले, मग मास्तर

ऑगस्ट 1907 मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पूल बंदरातल्या ब्राउनसी नावाच्या छोट्या बेटावर रॉबर्ट बेडन-पॉवेल या पन्नाशीच्या लष्करी अधिकाऱ्याने वीसेक मुलांचे शिबिर भरवले. काही मुले बड्या घरची, नामांकित शाळांतली, तर काही जवळच्या गावांतल्या कष्टकरी घरांतली. त्यांचे त्याने चार गट पाडले. लांडगा, बैल, डोमकावळा आणि कर्ल्यू नावाचा पाणपक्षी अशी त्यांची नावे. प्रत्येक गटाला मुलांतलाच एक नायक. आपल्या गटाची शिस्त, स्वच्छता, जेवण आणि काम त्या नायकाने पाहायचे. स्काउटिंगमध्ये ज्याला आपण संघपद्धती म्हणतो, तिचा हा पहिला प्रयोग.

पुढच्या वर्षी, 1908 मध्ये, बेडन-पॉवेलचे ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक पाक्षिक भागांत निघू लागले. त्याची कल्पना अशी, की आधीपासून असलेल्या मुलांच्या संस्थांनी त्यातले खेळ आणि उपक्रम उचलावेत. झाले भलतेच. मुलांनी पुस्तके विकत घेतली, आपापले संघ स्वतःच उभे केले आणि मग ‘आमचे मास्तर व्हाल का?’ म्हणून मोठी माणसे शोधायला निघाली. 1909 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या मेळाव्यात मुलींचाही एक घोळका स्काउटच्या वेषात येऊन उभा राहिला, आणि पुढच्या वर्षी गाइड चळवळ सुरू झाली.

मुलांच्या हाकेला ओ देणारी माणसे भली होती. कोणी शिक्षक, कोणी पाद्री, कोणी निवृत्त शिपाईगडी. पण भल्या माणसांनाही आपल्याला जे येते तेच करण्याची खोड असते. शिक्षकाने मैदानावर वर्ग भरवला, शिपाईगड्याने कवायत सुरू केली. मुलांच्या खेळाचा मोठ्यांनी पाहता पाहता तास करून टाकला. त्यातच पहिले महायुद्ध आले आणि कित्येक तरुण स्काउटमास्तर रणांगणावरून परतलेच नाहीत. मुले वाढत होती, त्यांना सांभाळणारे कमी होत होते.

याच सुमारास विल्यम डी बॉइस मॅक्लारेन या स्कॉटिश गृहस्थाने लंडनजवळच्या एपिंग जंगलाच्या कडेला गिलवेल पार्क नावाची एक पडीक वाडी घेण्यासाठी सात हजार पौंड दिले. लंडनच्या पूर्वेकडच्या दाट गरीब वस्तीतल्या मुलांना तंबू ठोकायला हक्काची जागा मिळावी, ही त्याची इच्छा. बेडन-पॉवेलने तिच्यात आणखी एक भर घातली. त्याला ती जागा मोठ्यांच्या शाळेसाठीही हवी होती. जुलै 1919 मध्ये गिलवेल पार्क रीतसर खुले झाले आणि त्याच वर्षी 8 सप्टेंबरला तिथे स्काउटमास्तरांचा पहिला अभ्यासक्रम सुरू झाला. फ्रान्सिस गिडनी हा त्याचा पहिला शिबिरप्रमुख.

या शाळेची खरी गंमत तिच्या रचनेत होती. तिथे मोठ्यांना बाकांवर बसवून ‘मुलांशी कसे वागावे’ यावर व्याख्याने झोडली नाहीत. त्यांचेच संघ पाडले. तंबूत झोपवले, चुली पेटवायला लावल्या, भांडी घासायला लावली. मुलांना जे करायला सांगणार ते आधी स्वतः मूल होऊन करा, हा त्यामागचा विचार. गिलवेलचा हा नमुना पुढे जगभर गेला.

करपलेला भात

माझे शिबिराचे पत्र 1987 च्या मे महिन्यात आले. प्राथमिक अभ्यासक्रम, आठवडाभराचा. मी गेलो तो ‘एक सोपस्कार उरकून येऊ’ अशा मनाने.

पहिल्याच दिवशी आमची वये, पदव्या आणि हुद्दे एका झाडाखाली काढून ठेवले गेले. मी घार संघात. आमच्या संघात निवृत्तीला दोन वर्षे राहिलेले एक मुख्याध्यापक, रेल्वेतले एक कारकून, दोन प्राथमिक शिक्षक, एक ग्रंथपाल आणि मी. संघनायक रोज बदलणार. पहिल्या दिवशीची चिठ्ठी माझ्या नावाची निघाली. छप्पन्न वर्षांचे मुख्याध्यापक चोवीस वर्षांच्या पोराला विचारत होते, “नायक, मी लघवीला जाऊन येऊ का?” आम्ही हसलो. तेही हसले. पण रात्री तंबूत ते हळूच म्हणाले, “तीस वर्षं मुलं मला हा प्रश्न विचारतायत. तो विचारताना कसं वाटतं, ते आज कळलं.”

तिसऱ्या दिवशी भाताची पाळी आमची होती. घरी पाण्याचा पेलाही हातात घेण्याची सवय असलेले आम्ही सहा पुरुष, तीन दगडांची चूल आणि ओली लाकडे. फुंकून फुंकून डोळे लाल झाले. पाणी किती घालायचे यावर चर्चा रंगली आणि त्या चर्चेत भात करपला. खाली कोळसा, वर कणी. आमचे प्रशिक्षक वीस पावलांवर एका आंब्याखाली उभे होते. हात पाठीमागे बांधलेले. सुरुवातीपासून ते तिथेच होते.

संध्याकाळच्या बैठकीत रेल्वेच्या कारकुनांनी तक्रार मांडली. “सर, करपल्याचा वास तुम्हाला आमच्या आधी आला असणार. एक शब्द टाकला असता तर?”

“आला होता,” प्रशिक्षक म्हणाले. “तुमचा एका वेळचा भात गेला. पण भात कसा शिजतो हे आता तुमच्यापैकी कोणी जन्मात विसरणार नाही. मी बोललो असतो तर भात माझा झाला असता.” मग थोडे थांबून ते पुढे म्हणाले, “चुलीचा जाळ कोणाच्या सदऱ्याला लागला असता, तर मात्र मी धावलो असतो. कुठे थांबायचं आणि कुठे धावायचं, एवढंच शिकायला तुम्ही इथे आला आहात. बाकी गाठी काय, पुस्तकातही सापडतात.”

त्या रात्री मला माझी टेकडीवरची सहल नव्याने दिसली. जिथे थांबायचे तिथे मी धावलो होतो. चूल मीच पेटवली, दोर मीच बांधले. आणि जिथे धावायला हवे होते, म्हणजे नाल्याची उतरण आधी जाऊन पाहायला, तिथे मी गेलोच नव्हतो. मुले सहा-सहाच्या संघांत असती आणि प्रत्येक संघाला नायक असता, तर तो अबोल मुलगा नाहीसा झाल्याचे पाच मिनिटांत कळले असते. सहा मुलांच्या घोळक्यात एक जागा रिकामी झालेली दिसते. चोवीसांच्या गर्दीत ती दिसत नाही. मी संघपद्धतीला खेळ समजत होतो, आणि ती तर सुरक्षेची व्यवस्था होती.

दोन मण्यांचा अर्थ

प्राथमिक अभ्यासक्रमानंतर प्रगत अभ्यासक्रम आणि त्यानंतर ‘हिमालय वुड बॅज’ अशी आपल्याकडची चढती वाट. तीनही टप्पे ओलांडलेल्याच्या गळ्यात कातड्याच्या वादीत ओवलेले दोन लाकडी मणी येतात. पुढे जे स्वतः प्रशिक्षक होतात त्यांच्या वादीत तीन किंवा चार मणी असतात.

या मण्यांची कुळकथा दक्षिण आफ्रिकेतली आहे. झुलू राजा दिनुझुलू याच्याशी जोडलेली एक लांबलचक मण्यांची माळ बेडन-पॉवेलकडे होती. ती त्याच्या हाती नेमकी कशी आली, यावर इतिहासकारांत वाद आहे. साम्राज्याच्या लढायांतली ती वस्तू आहे, हे झाकण्याचे कारण नाही. गिलवेलचा पहिला वर्ग संपला तेव्हा द्यायला खूण हवी होती. त्याने माळेतले मणी काढून दिले. पुढे माळ पुरेना, म्हणून लाकडाच्या प्रतिकृती करण्यात आल्या. आज जगभर ज्या गळ्यांत हे मणी दिसतात ते अशा प्रतिकृतींचे.

पण मण्यांपेक्षा ते मिळण्याची मूळ पद्धत मला अधिक मोलाची वाटते. तिचे तीन भाग होते. पहिला लेखी अभ्यास, दुसरा प्रत्यक्ष शिबिर आणि तिसरा म्हणजे आपल्या गावी परतून काही महिने आपल्याच पथकात केलेले काम. शिबिरात सगळेच शहाणे असतात. तिथे मुले नसतात, पाऊस पडला तरी तो मोठ्यांवर पडतो. खरी परीक्षा गावी परतल्यावर, शनिवारी दुपारी, अर्धी मुले आलेली नसताना आणि मैदानावर लग्नाचा मांडव पडलेला असताना होते. ‘शिकलो’ आणि ‘जमले’ यांत काही महिन्यांचे अंतर असते, हे ज्याने ओळखले त्याने प्रशिक्षणाचे मर्म ओळखले.

माझा वुड बॅजचा अभ्यासक्रम 1990 मध्ये पचमढीला झाला. नागपूरकडच्या आम्हा मंडळींना ते आपलेच वाटते. पिपरियाला आगगाडीतून उतरायचे, बसने घाट चढायचा आणि सातपुड्याच्या सालवनात शिरायचे. भारत स्काउट्स आणि गाइड्सचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र तिथे आहे. पहाटेच्या गारठ्यात केरळचा शिक्षक, बंगालचा शिक्षक आणि आम्ही वऱ्हाडी एकाच चुलीभोवती बसलो की भाषेआधी चहा समजत असे.

तिथे बसून आठवत राहायचे, की ही दारे आपल्या मुलांसाठी एके काळी बंद होती. भारतात 1909 मध्ये बेंगळुरात स्काउटिंग सुरू झाले ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरते. भारतीय मुलांना प्रवेश नव्हता. म्हणून आपल्या लोकांनी आपली वाट काढली. श्रीराम वाजपेयींनी 1913 मध्ये शाहजहाँपूरला पथक काढले, अ‍ॅनी बेझंट यांनी मद्रासकडे भारतीय मुलांची स्वतंत्र संघटना उभारली, पंडित मदनमोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू यांनी अलाहाबादेत सेवा समितीच्या आधाराने काम वाढवले. वेगवेगळ्या वाटांनी आलेले हे प्रवाह स्वातंत्र्यानंतर एकत्र आले आणि 7 नोव्हेंबर 1950 रोजी भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संघटना स्थापन झाली. पुढच्या वर्षी 15 ऑगस्टला गाइडही तिच्यात सामील झाल्या. त्या पहिल्या पिढीतल्या लोकांना कोणी ‘शिबिराचं पत्र आलं की जाऊन या’ म्हटले नव्हते. त्यांनी हट्टाने शिकून घेतले होते.

विश्वासाचा हिशेब

आमच्या वेळच्या प्रशिक्षणात एक प्रकरण मात्र जवळजवळ नव्हतेच. गाठी होत्या, प्रथमोपचार होता, नकाशावाचन होते. पण मुलांना सगळ्यात मोठा धोका कधी कधी नाल्यापासून नव्हे, तर त्यांना सांभाळणाऱ्या मोठ्या माणसापासूनच असतो, हे उघडपणे कोणी बोलत नसे. ‘असले काही आपल्याकडे नसते’ ही ठरलेली समजूत.

ही समजूत किती महागात पडते ते अमेरिकेत दिसले. बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका ही तिथली प्रचंड संघटना फेब्रुवारी 2020 मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याखाली न्यायालयात गेली. लहानपणी संघटनेतल्या मोठ्यांकडून आपल्यावर लैंगिक अत्याचार झाले, असे सांगणारे 82 हजारांहून अधिक दावे तिच्याविरुद्ध दाखल झाले. दशकानुदशके गप्प राहिलेली माणसे, त्यांतली कित्येक आजोबा झालेली, बोलू लागली. भरपाईसाठी ठरलेली रक्कम दोन अब्ज डॉलरच्या पुढे गेली. गेलेले बालपण अर्थातच कुठल्याही रकमेने परत येत नाही.

आज जागतिक स्काउट संघटनेने ‘सेफ फ्रॉम हार्म’ नावाचे शिक्षण मोठ्यांसाठी आखले आहे. जागतिक मेळाव्याला जाणाऱ्या प्रौढांना ते आधी पुरे करावे लागते. त्यातले नियम साधे आहेत. एकटा मोठा माणूस आणि एकटे मूल बंद जागेत असता कामा नये. मुक्कामात किमान दोन जबाबदार मोठी माणसे हवीत. मोठ्यांचे आणि मुलांचे तंबू वेगळे. मुलाने काही सांगितले तर आधी ऐकून घ्यायचे, त्याला खोटे पाडायचे नाही आणि ‘आपल्यातच मिटवू’ म्हणायचे नाही. आपल्या देशात तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने असा गुन्हा माहीत असूनही न कळवणे हाच गुन्हा ठरवला आहे.

काही जुन्याजाणत्या स्वयंसेवकांना हे नियम ऐकून राग येतो. “इतकी वर्षं सेवा केली, आता आमच्यावर संशय?” मला त्यांचे दुःख कळते. पण हा संशय नाही, हिशेब आहे. पतपेढीतला खजिनदार कितीही सज्जन असो, त्याची वही तपासली जातेच. आणि वही तपासल्याने सज्जन खजिनदाराचा अपमान होत नाही, उलट त्याचे नाव राखले जाते. पैशांच्या बाबतीत जे आपण सहज मान्य करतो ते मुलांच्या बाबतीत का करू नये?

घरच्यांनी काय विचारावे?

तुमचा मुलगा किंवा मुलगी स्काउट-गाइडमध्ये नसेलही. पण गिर्यारोहण मंडळ, सेवा दलाचे शिबिर, नाट्यशिबिर, वसतीचा बालमेळावा, यांपैकी कुठेतरी तुम्ही मूल पाठवताच. शुल्क किती, जेवण काय आणि परत कधी, एवढे तीन प्रश्न विचारून बहुतेक पालक मोकळे होतात. त्यांत आणखी चारांची भर घाला.

मुलांबरोबर जाणाऱ्या मोठ्यांना कोणी आणि काय शिकवले आहे? मुले लहान गटांत वाटलेली असतील का, आणि प्रत्येक गटाची जबाबदारी कोणावर? प्रथमोपचार कोणाला येतो आणि जवळचा दवाखाना किती दूर आहे? आणि मुलाला तिथल्या मोठ्यांबद्दलच काही सांगायचे असेल, तर ते कोणाला सांगायचे? या प्रश्नांनी जो आयोजक चिडेल, त्याच्याकडे मूल पाठवण्याआधी दोनदा विचार करा. जो वही काढून उत्तरे देईल, त्याचे आभार माना. घरी मुलालाही 1098 ही बालकांची मदतवाहिनी असते, हे सहज बोलता बोलता सांगून ठेवा.

आणि तुम्ही स्वतःच असे ‘उत्साही कोणीतरी’ असाल, तर तुमचे स्वागतच आहे. अशा माणसांची टंचाई पूर्वीही होती आणि आताही आहे. आता शाळांमागे कागदांची कामे वाढली आहेत. कित्येक ठिकाणी स्काउटचा तास वेळापत्रकातल्या चौकोनात राहतो आणि प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र फायलीत. शिबिराला जायचे म्हटले की घरचेही विचारतात, यातून मिळणार काय? खरे उत्तर द्यायचे तर पैसा मिळत नाही, बढती मिळत नाही. मिळते ती एक अवघड सवय. आपले मूल चुकते आहे हे दिसत असतानाही, जोवर धोका नाही तोवर, हात मागे ठेवून उभे राहण्याची. ती सवय मी शिबिरातून घरी आणली. माझी मुलगी सायकल शिकताना, पुढे कॉलेज निवडताना आणि लग्न ठरवतानाही ती मला कामी आली. प्रत्येक वेळी जमले असे नाही. पण कुठे धावायचे आणि कुठे थांबायचे, हा प्रश्न निदान पडत राहिला.

शेवटी पुन्हा त्या टेकडीवर जातो. प्रशिक्षणानंतर मी पथकाचे चार संघ केले. शिटी कमी केली. सुरुवातीला सगळा गोंधळ झाला, दोन वेळा खिचडी लागली, एकदा तंबू रात्री आमच्या अंगावर आला. 1988 च्या डिसेंबरात आम्ही त्याच टेकडीवर मुक्कामाला गेलो. नाल्याची उतरण मी आदल्या दिवशीच जाऊन पाहून आलो होतो. पाणी आणायला जाताना जोडीनेच जायचे, हा नियम मुलांनी आपल्या सभेत स्वतःच ठरवला होता.

परत निघायची वेळ झाली. सवयीने माझा हात खिशातल्या शिटीकडे गेला. तेवढ्यात एक नववीतला मुलगा समोर येऊन उभा राहिला, सलाम केला आणि म्हणाला, “सर, घार संघ. सातपैकी सात.”

दोन वर्षांपूर्वी गुराख्याच्या पाठीवरून आलेला तोच तो अबोल मुलगा. आता संघनायक. त्याच्यामागे सहा मुले रांगेत उभी होती आणि शेवटच्या लहानग्याची पिशवी त्याने स्वतःच्या खांद्यावर घेतली होती. ती घे, असे मी त्याला सांगितले नव्हते.

मी शिटी खिशातच राहू दिली आणि हात मागे बांधून त्यांच्या मागून चालू लागलो.